पावणेबाराची सही

दि. १४ मे, सकाळचे सव्वासात

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. मी इकडे बरा आहे, तू तिकडे बरी असशील. एवढी एक ओळ लिहायला मला सात महिने लागले आहेत, तेव्हा तिच्याकडे जरा मानाने बघ.

आधी इकडची हालहवाल. उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला आहे आणि डावा नोटीस देऊन बसला आहे. डॉक्टर म्हणतात, चाला, पण सपाटीवर. त्या भल्या माणसाला चालणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. सपाटीवर करतात त्याला मी फार तर येरझाऱ्या म्हणेन. तरी रोज सकाळी कालव्याच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो. बेचाळीस मिनिटं लागतात, पूर्वी एकतीस लागायची. हो, अजून वेळ टिपून ठेवतो. आता या वयात कुठे सवयी बदलत बसू?

स्वयंपाकघरातला नळ गळतोय. नळवाला तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा "आता बघा गळतो का" म्हणाला आणि तिन्ही वेळा नळ गळला. वरच्या मजल्यावरच्या पियानोच्या बाईंकडे कुणी नवी विद्यार्थिनी येते. ती रोज एकाच जागी अडखळते, आणि मी खाली हातातलं काम सोडून आज तरी ही पार होते का म्हणून कान देऊन बसतो. तुझ्या आईची खिडकीतली कुंडी जिवंत आहे. मी ती महिन्याभरात मारेन अशी तुझ्या मावशीची खात्री होती, तिला कळव. आईचे डोंगरावरचे बूटही दाराजवळच्या मांडणीत तसेच आहेत, नाड्या धुऊन ओवलेल्या. कामाच्या बाई विचारत होत्या, कुणाला देऊन टाकू का म्हणून. मी म्हटलं, बघू. आमच्या परराष्ट्र खात्यात 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार? ती दर पंधरा दिवसांनी विचारते.

बघ, पान भरत आलं. खरं घोडं पेंड खातं ते पुढेच.

तुझं पोस्टकार्ड माझ्या टेबलावर आहे. गेल्या ऑक्टोबरात आलं तेव्हापासून तिथेच आहे, दिव्याला टेकवून. एका बाजूला डोंगराचं चित्र, दुसऱ्या बाजूला तुझ्या अक्षरात दोन वाक्यं. 'वहीत पावणेबाराची वेळ आहे. दोघांची सही आहे.' खाली नाव नाही, आशीर्वाद मागितलेला नाही, काही नाही. शिक्का पायथ्याच्या पोस्टाचा. तू इतक्या जवळ येऊन गेलीस, त्या डोंगरावर एकटी चढलीस, शिखरावरच्या पत्र्याच्या डब्यातली, वर पोचलेल्यांनी वेळ घालून सही करायची वही काढून मागची पानं चाळलीस, आणि घरी न येता परत गेलीस. मी ते कार्ड उभ्याने वाचलं आणि मग बराच वेळ उभाच राहिलो.

उत्तराचे अकरा मसुदे केले. हसू नकोस. एकोणीस दिवस एका शब्दावर वाटाघाटी करणारा माणूस आहे मी. तुला आठवतं ना, तो सीमेवरचा तह? 'सैन्य परत जाईल' यातल्या 'परत'वर दोन्ही बाजू अडून बसल्या होत्या. आमची एक रीत असते. ज्या शब्दावर जमलेलं नाही, तो चौकोनी कंसात टाकायचा आणि पुढे जायचं. समोरच्या बाजूला तो पटला की कंस समोरच्याने काढायचा. आपण स्वतःचा कंस स्वतः काढायचा नसतो. तुझ्या आईने ही रीत घरात आणली होती. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या आठवतात? 'दूध, अंडी, [नवे पडदे].' 'रविवारी मावशीकडे [तुम्हीसुद्धा].' मी खोडरबर घेऊन कंस खोडायचो तेव्हा ती मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. राजदूत म्हणून मी ज्या काही सह्या केल्या, त्यांतल्या एकीलाही टाळ्या मिळाल्या नाहीत.

त्या अकरा मसुद्यांत सगळं होतं, फक्त तू जे विचारलं होतंस ते नव्हतं. ते सगळे फाडले. हा बारावा एका दमात लिहितोय आणि पुन्हा वाचणार नाही.

तुला पहिल्यापासून सांगतो, कारण यातलं काही तुला माहीत आहे आणि काही नाही, आणि कुठलं कुठे संपतं हे आता मलाच नीट कळत नाही.

आई गेली तेव्हा फोनवर मी तुला फक्त "ये" म्हणालो होतो. तू आलीस, सगळं आटोपलं. घरात माणसं होती तोवर ठीक होतं. नंतर चार दिवस आपण दोघं या टेबलाशी बसत होतो आणि मी तुला मीठ दे म्हणण्यापलीकडे बोलत नव्हतो. निघताना तू दारात म्हणालीस, "बाबा, तुम्हाला बोलता येत नाही ना, मग लिहा. कसं झालं ते मला लिहून कळवा. मला सगळं हवंय." मी म्हटलं, लिहीन.

आणि लिहिलं. 'ती क्षणात गेली. तिला वेदना झाल्या नाहीत. शेवटच्या क्षणी मी तिच्याजवळ होतो.'

ही तीन वाक्यं आधी कुठे वाचली होतीस ते तुला लगेच कळलं असणार. तू अकरा वर्षांची असताना माझ्या लष्करी पेटीत तुला सहा कार्बन प्रती सापडल्या होत्या. माझ्या तुकडीतले सहा जण एका सकाळी गेले, त्यांच्या घरी मी पाठवलेली पत्रं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पहिलं पत्र लिहायला घेतलं आणि दुपारपर्यंत 'आपणास कळवण्यास' याच्या पुढे गेलो नाही. मोठे साहेब आले, त्यांनी एका कागदावर तीन वाक्यं लिहून दिली आणि म्हणाले, हे लिही, नाव बदल, जेवायला ये. मी नाव बदलत गेलो. तू त्या प्रती जमिनीवर ओळीने मांडल्यास, सगळ्या वाचल्यास आणि मला विचारलंस, "बाबा, तुम्ही एकाच वेळी सहा जणांजवळ कसे होतात?"

मी म्हटलं, "धावत होतो गं."

तुझा विश्वास बसला होता. तू कित्येक दिवस माझ्या पायांकडे आदराने बघायचीस. आणि त्याच मुलीला, आता भूलतज्ज्ञ झालेल्या, वेदना कशी असते हे माझ्याहून शंभरपट जाणणाऱ्या मुलीला मी तिच्या आईबद्दल तेच पत्र पाठवलं. फक्त नाव बदलून. देवाशपथ सांगतो, लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. लिहायला बसलो आणि हात आपोआप चालला. पाकीट पेटीत टाकल्यावर रस्ता ओलांडताना ध्यानात आलं. मी परत फिरलो आणि त्या लाल पेटीशी जाऊन उभा राहिलो, जसा काही तिच्यातून हात घालून ते बाहेर काढणार होतो.

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरोबरच होतं तुझं. दोन वर्षं आपण एकमेकांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा पाठवल्या, आणि मग ते पोस्टकार्ड आलं.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट, कारण ती घडली नसती तर हेही पत्र लिहून झालं नसतं. सकाळी अकराला बेल वाजली. दारात साठीची एक बाई, हातात कापडी पिशवी. शिवणकाम शिकवते म्हणाली. नाव सांगितलं, मला ओळख लागेना. मग म्हणाली, "साहेब, मी शिट्टीची बहीण."

शिट्टी आमच्या तुकडीतला सगळ्यात लहान. सदा तोंडात शिट्टी, कितीदा शिक्षा केली तरी. त्या सहांतला एक. या बाईची आई यंदा गेली, नव्वदीच्या पुढची होती. कपाटातून माझं पत्र निघालं. प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. बाईने ते टेबलावर ठेवलं, नेमकं तुझ्या पोस्टकार्डाशेजारी.

म्हणाली, "साहेब, एक विचारायचंय. रागावू नका. स्मारक झालं तेव्हा आम्ही सहाही घरची माणसं जमलो होतो. सगळ्यांनी आपापली पत्रं आणली होती. एकेकाने वाचायला घेतलं. तिसऱ्यानंतर कुणी वाचलंच नाही."

मला वाटलं, आता ही मला बोल लावणार. मी सरळ बसलो. लावू दे म्हटलं.

"मग आई म्हणाली, साहेब केवढेसे होते तेव्हा. त्यांना काय सुचणार? तिने पत्र घडी करून परत पदराखाली घेतलं. तिचा तुमच्यावर राग नव्हता हो. पण साहेब, पंचेचाळीस वर्षं ती मला विचारायची, मग खरं काय झालं असेल गं? दर वेळी मनाने नवीन काहीतरी रचायची. कधी तो जळाला, कधी त्याला पकडून नेलं, कधी तो पाणी मागत होता. मी म्हणायची, आई, पुरे. आता ती गेली, आणि आता ते सगळं मला दिसायला लागलंय. म्हणून आले. जे असेल ते सांगा. एकच काहीतरी द्या मला."

मुंगे, मी हे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या बाईला सांगितलं. शिट्टी क्षणात गेला नाही. आमच्यापुढे साठ पावलांवर एक घळ होती, तिच्यात तो दोन तास पडून होता. मधली जागा उघडी होती आणि समोरून गोळीबार चालू होता. एक जण त्याला आणायला निघाला, मी त्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं आणि हुकूम दिला, कुणी जाणार नाही. शिट्टी शिट्टी वाजवत होता. आपण कुठे आहोत ते आम्हाला कळावं म्हणून. आधी जोरात, मग थांबून थांबून. मग बंद झाली. मी घड्याळात बघितलं होतं. नऊ वाजून दहा मिनिटं.

बाईने टेबलावरचं पत्र हाताने सपाट केलं. मग विचारलं, "कुठलं गाणं होतं?"

मी म्हटलं, "गाणं नव्हतं. दोनच सूर होते. कुत्र्याला बोलावतात तसे."

तिने तोंडावर हात धरला आणि हसली की रडली ते मला समजलं नाही, दोन्ही असेल. "आमच्या कुत्र्याला तो तसंच बोलवायचा," म्हणाली. "शेताच्या दुसऱ्या टोकाला असला तरी यायचा तो." नंतर तिने चहा घेतला, मी नको नको म्हणत असताना कप विसळला, गळत्या नळाला नावं ठेवली आणि निघाली. जाताना पायरीवर वळून म्हणाली, "आता निदान तेवढंच दिसेल." पत्र ती माझ्याकडेच ठेवून गेली.

तेव्हा आता तुझ्या दोन वाक्यांचं उत्तर.

मी आईजवळ नव्हतो. ती साडेअकराच्या सुमारास गेली, तू मृत्यूच्या दाखल्यावर वाचलंस तसं, शिखराखालच्या निवाऱ्यात. पावणेबाराला मी शिखरावर होतो आणि वहीत लिहीत होतो: 'दोघे. हवा स्वच्छ, वारा पश्चिमेचा, ११.४५.' खाली माझी सही, तिच्याखाली तिची. शेवटच्या चढावर ती नेहमी मला पुढे सोडून मागून यायची आणि ती पोचेपर्यंत मी दोघांचं लिहून मोकळा व्हायचो, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. पण प्रत्येक वेळी ती शेवटच्या वळणावर दिसायला लागल्यावरच मी पेन उघडायचो. त्या दिवशी ती येणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. निवाऱ्याच्या बाकावर बसताना तीच म्हणाली होती, "अहो, तुम्ही या जाऊन. माझीही सही करा." मी केली. मी तिची सही केली तेव्हा ती जाऊन पंधरा मिनिटं झाली होती.

आणि ती तिथे आपणहून बसली नव्हती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सातला आम्ही चढायला लागलो. लाकडी पुलापाशीच ती म्हणाली, जरा थांबू या का? थांबलो. पुढे ओढ्याजवळ पुन्हा. तिसऱ्यांदा ती दगडावर बसली आणि म्हणाली, "आज फिरू या ना मागे. मला बरं वाटत नाहीये." मी घड्याळ बघितलं. बारानंतर वर ढग येतात, मग काही दिसत नाही. मी म्हटलं, "निवाऱ्यापर्यंत चल, दोनच वळणं आहेत."

'दोनच वळणं.' तू लहान असताना रस्त्यात फतकल मारायचीस तेव्हा मी हेच म्हणायचो, आणि तू बोटं मोजत चालायचीस, आणि दहा झाली तरी मी दोनच म्हणायचो. आपण तिघं यावर किती हसलो आहोत. तिथून निवारा नऊ वळणं होता. ती उठली आणि चालायला लागली.

मी तुला शिकवलेला पहिला नियम कोणता? सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. त्याच्या चालीने सगळे. तुझी आई तीस वर्षं माझ्यापुढे चालली. त्या दिवशी मी पुढे होतो. 'परत' या एका शब्दासाठी एकोणीस दिवस थांबलेला माणूस मी, माझ्या शांतपणाचे दाखले खात्यात नव्या मुलांना देतात, आणि माझ्या बायकोने मागे फिरू या म्हटलं तर मी ढगांचं कारण सांगितलं.

पाऊण वाजता खाली आलो. निवारा सांभाळणाऱ्या बाई बाहेर उभ्या होत्या. त्यांनी एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. आत बाकावर त्यांनी तिला आडवं केलं होतं, अंगावर चौकटीचं पांघरूण होतं. बाजूला चहाचा कप. अर्धा प्यायलेला.

बाई जे बोलल्या ते सांगतो. आईला घाम येत होता, छातीवर हात होता, पण ती आरडाओरड करत नव्हती. वेदना झाल्या, मुंगे. पाऊण तास झाल्या. "ते वर पोचले असतील का हो?" असं तिने दोनदा विचारलं. बाईंनी खालून माणसं बोलावली होती, ती वाटेत होती. "त्यांना वरून बोलावू नका," म्हणाली, "घाईने उतरले की ते गुडघ्यावर पडतात."

मग म्हणाली, मुलीला फोन लावाल का?

हे वाचताना खाली बस. निवाऱ्यात भिंतीवर फोन आहे. नंबर तिला पाठ होता. बाईंनी लावला. वाजत राहिला. तू तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होतीस आणि तुझा फोन बाहेर कपाटात होता, हे मला नंतर तुझ्याच बोलण्यातून कळलं. तुझ्या फोनवर त्या दिवशी अकरा वाजून बारा मिनिटांचा एक अनोळखी नंबर असेल. कदाचित तू तो बघितलाही असशील आणि कुणी काहीतरी विकत असेल म्हणून सोडून दिला असशील. ती तुझी आई होती.

ती काय म्हणाली तेही बाईंना विचारलं. "कामात असेल. राहू द्या, नंतर करू." वाईट वाटल्यासारखं नाही म्हणाली, असं त्या सांगतात. उलट त्यांना सांगत बसली, माझी मुलगी लोकांना दुखू देत नाही, तेच तिचं काम. मग चहा मागितला.

हे मी तुझ्यापासून लपवलं आणि तीन वर्षं स्वतःची समजूत घातली की तुला जपण्यासाठी लपवलं. तू तो फोन आयुष्यभर उशाशी घेऊन झोपशील, त्यापेक्षा ती तीन वाक्यं बरी. हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. फोनची गोष्ट सांगायला घेतली की तिच्या आधीची सांगावी लागते, आणि ती मला सांगायची नव्हती.

ती ही. डोंगरावर जायच्या पंधरा दिवस आधी, एका दुपारी जिना चढून आल्यावर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, हल्ली छातीत आवळल्यासारखं होतं. मुलीला विचारू का?" तिने फोन हातात घेतलेला होता. मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, "तिला कशाला उगाच काळजी? सराव कमी पडलाय तुझा. दोन आठवड्यांनी डोंगरावर जाऊ, सगळं मोकळं होईल."

तिने फोन खाली ठेवला.

तू पहिल्या दोन वाक्यांत ओळखलं असतंस. तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं असतंस, मला फोनवर झाडलं असतंस, आणि ती आज इथे बसून कंसात काहीतरी लिहीत असती. तेव्हा त्या अकरा वाजून बाराच्या फोनचा विचार तुझ्या मनात आला तर हे लक्षात ठेव की तुला खरा फोन पंधरा दिवस आधी यायचा होता. तो मी येऊ दिला नाही. जो तुला उचलता आला असता तो फोन वाजलाच नाही. जे काही झालं ते माझ्या खुर्चीपासून सुरू झालं, तुझ्या थिएटरपाशी नाही. एक डॉक्टर म्हणून तू हे ताडून बघ. तारखा बरोबर आहेत.

मला तिची फार आठवण येते. हे वाक्य अकरांपैकी एकाही मसुद्यात नव्हतं. सकाळी बूट घालताना मी अजून दारात थांबतो, ती पुढे व्हावी म्हणून. मग कुणी पुढे होत नाही आणि मी निघतो.

क्षमा मागत नाही. त्यावर मी फार परिषदा बघितल्या आहेत. मागणाऱ्याला बरं वाटतं आणि समोरच्याच्या गळ्यात काम पडतं. शिट्टीच्या बहिणीला जे दिलं तेवढंच तुला देतोय. एकच काहीतरी. इथून पुढे तुला दिसलंच तर चौकटीचं पांघरूण दिसेल, अर्धा कप चहा, आणि तुझं कौतुक सांगणारी आई.

दोन कामं आहेत. वही अजून वर डब्यात आहे, आणि मला तिथवर आता जाता येणार नाही. तू पुन्हा कधी गेलीस तर ते पान काढ. 'दोघे' यावर रेघ मार आणि बाजूला लिही, 'एकटा'. तिची सही खोडू नकोस. ती तिने सांगितली होती म्हणून केली होती. खाली दुरुस्तीची तारीख घाल.

दुसरं. २ जूनला तीन वर्षं होतात. डॉक्टर काहीही म्हणोत, मी निवाऱ्यापर्यंत जाणार आहे. पहाटेच्या बसने पायथ्याला आणि मग जमेल तसं, बसत उठत. पूर्वी साडेतीन तास लागायचे, आता पाच धरलेत. त्याच्या वर जाणार नाही. त्या बाकावर बसेन आणि शेवटची बस गाठायला उतरायला लागेपर्यंत तिथेच असेन. बाईंना कळवलं आहे. तू ये असं लिहीत नाही. लिहायचा हक्क मी घालवला आहे, आणि तुला सुट्ट्या किती कमी मिळतात ते मला माहीत आहे. पण त्या वाटेवर तुला कुठे पुढे एक म्हातारा काठी टेकत जाताना दिसला, तर ओलांडून जाऊ नकोस. आता सगळ्यात हळू मीच चालतो.

वर पियानो सुरू झाला. ती पोरगी पुन्हा त्याच जागी अडली आहे. नळवाला दहाला येतो म्हणाला आहे, त्याच्या आत हे पेटीत टाकून येतो, नाहीतर वाचायला बसेन.

तब्येतीला जप. एक शब्द नियमाप्रमाणे लिहिला आहे. पुढचं तुझ्या हातात.

[तुझा]
बाबा